पाणी वेळेचं, रसायन फिल्मचं

लातूर-धाराशिवच्या पट्ट्यातले एखादे मध्यम आकाराचे धर्मादाय रुग्णालय डोळ्यांपुढे आणा. मोठ्या शहरांत एक्स-रे केव्हाच डिजिटल झाला. इथे मात्र अजून डार्करूम आहे, लाल दिवा आहे आणि रोलरवरून फिल्म वाहून नेणारा ऑटो प्रोसेसर आहे. डेव्हलपर, फिक्सर, धुण्याचे पाणी आणि गरम हवा अशा चार टप्प्यांतून फिल्म दीड मिनिटात कोरडी होऊन बाहेर पडते. प्रत्येक फिल्ममागे पंप ठरावीक मिलिलिटर ताजे रसायन टाक्यांत सोडतो आणि तेवढेच वापरलेले रसायन बाहेर ओसंडते. ही झाली भरपाई. धुण्याच्या टाकीतून पाणी वाहत राहते. या दोन प्रवाहांचे आकडे किती ठेवायचे, हा प्रश्न कुणी तांत्रिक म्हणून सोडून देतो, तर कुणी खर्चाचा म्हणून एका फटक्यात निकालात काढतो. मला तो या दोहोंपेक्षा मोठा वाटतो, कारण त्या आकड्यांच्या एका टोकाला टँकरची वाट पाहणारे गाव आहे आणि दुसऱ्या टोकाला एक्स-रेच्या टेबलावर झोपलेला रुग्ण. म्हणून तो दोघांच्या तोंडून मांडतो: एक रुग्णालयाच्या व्यवस्थापक, दुसरे तिथले ज्येष्ठ तंत्रज्ञ. दोघेही कल्पित आहेत, त्यांचा वाद मात्र कल्पित नाही. माझा कौल मी लपवणार नाही, पण तो सगळाच्या सगळा एका पारड्यात पडत नाही, हे आधीच सांगतो.

व्यवस्थापक : काका, २०१६ चा एप्रिल आठवा. मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. त्या भागात आपण असं यंत्र चालवतो, ज्याचा नळ सकाळी नऊला उघडतो आणि संध्याकाळी पाचला मिटतो, मधल्या वेळात फिल्म असो की नसो. रसायनाचंही तेच. कंपनीचा माणूस आकडा लावून गेला तो गेला, पुन्हा कुणी हात लावलेला नाही. मी म्हणते, पाण्याची तोटी एक तृतीयांश आवळा आणि रसायनाचा पंप पाव भागानं कमी करा. फिल्मवर हाड दिसलं की झालं. कंपनीचा आकडा रसायन जास्त खपावं म्हणूनही चढा ठेवलेला असू शकतो.

तंत्रज्ञ : मॅडम, दुखणं तुम्ही बरोबर ओळखलंत, औषध मात्र चुकतंय. तोटी आवळून काय साधतं ते हिशेबानं बघा. समजा मिनिटाला तीन लिटर पाणी वाहतं. आठ तासांची ४८० मिनिटं, म्हणजे १४४० लिटर. तोटी दोन लिटरवर आणली की ९६०. आता दुसरी वाट बघा. दिवसाला ४० फिल्म धरा. फिल्म आत शिरली की सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडेल आणि ती बाहेर पडून थोडा वेळ गेला की मिटेल, अशी सोय केली आणि फिल्ममागे तीन मिनिटं धरली, तर १२० मिनिटं होतात, म्हणजे ३६० लिटर. चार-पाच फिल्म एकापाठोपाठ घातल्या तर त्याहून कमी. तुमच्या उपायानं ४८० लिटर वाचतात आणि प्रत्येक फिल्म कमी धुतली जाते. या उपायानं १०८० लिटर वाचतात आणि एकही फिल्म कमी धुतली जात नाही.

तीन लिटर हा आकडा समजण्यापुरता घेतला आहे. यंत्रागणिक तो बदलतो. आकडा कोणताही घेतला तरी, दिवसभरात यंत्र बराच वेळ रिकामे असेल तर निष्कर्ष बदलत नाही. धुणे म्हणजे फिल्मच्या जिलेटिनमध्ये शिरलेला हायपो, म्हणजे फिक्सरमधले थायोसल्फेट, पाण्यात उतरवणे. आतला आणि बाहेरचा फरक टिकून राहील तोवरच तो उतरतो; बाहेरचे पाणीच हायपोने भरू लागले की जिलेटिनमधला हायपो तिथेच अडकतो. फिल्म टाकीतून जात असताना पाणी जोमाने बदलले पाहिजे आणि फिल्म नसेल तेव्हा धुण्यासाठी ते बदलण्याचे काही कारण नाही. पाण्याची उधळपट्टी प्रवाहात नसून वेळेत आहे. रोलरवर चालणारे यंत्र कोडॅकने अमेरिकेत १९५० च्या दशकात आणले, १९६५ मध्ये ९० सेकंदांची प्रक्रिया आली. नळाला अखंड पाणी असणाऱ्या जगात हे यंत्र घडले आणि नळ दिवसभर उघडा ठेवण्याची सवय त्याच्यासोबत इकडे आली. ती सवय मराठवाड्यात मुकाट्याने पाळली गेली, हे मला खटकते, आणि त्याबद्दल व्यवस्थापकांनी आवाज चढवला तर तो योग्यच आहे. फक्त एक पथ्य आहे. शेवटची फिल्म गेल्यानंतरचे मिनिट-दोन मिनिटांचे पाणी काढून टाकण्याचा मोह होईल, तो टाळावा. व्हॉल्व्ह उघडल्यावर नवी फिल्म पाऊण-एक मिनिटात धुण्याच्या टाकीत पोचते, तेवढ्यात टाकीतले सगळे पाणी पालटत नाही. आधीच्या फिल्मचा हायपो तिथे साचून राहिला असेल तर तो या फिल्मच्या वाट्याला येतो. आणि संध्याकाळी टाकी रिकामी केलीच पाहिजे. साचलेल्या पाण्यात शेवाळ धरते आणि दुसऱ्या दिवशी फिल्मवर उतरते.

व्यवस्थापक : पटलं. मग हाच न्याय रसायनाला लावा की. पावसाळ्यात दिवसाला दहाच फिल्म निघतात. काम कमी, तर भरपाई कमी.

तंत्रज्ञ : तिथे न्याय उलटा होतो, मॅडम. काम कमी असेल तर फिल्ममागची भरपाई वाढवावी लागते. ३५ सेंटिमीटर फिल्ममागे डेव्हलपर साधारण ६० ते ७० मिलिलिटर आणि फिक्सर १०० ते ११० मिलिलिटर, असा रिवाज आहे. डेव्हलपरचे ६५ धरा आणि टाकी आठ लिटरची धरा. ४० फिल्मला दिवसात २.६ लिटर ताजा डेव्हलपर आत येतो, म्हणजे तीन दिवसांत टाकीभर. दहा फिल्मला जेमतेम ६५० मिलिलिटर, म्हणजे टाकीभर यायला बारा दिवस. तेवढे दिवस डेव्हलपर ३४ अंशांवर गरम राहतो आणि वर हवा आहेच. चिरलेलं वांगं काळं पडतं तसा तो पडतो, फिल्म त्यातून गेली नाही तरीही. त्यात तुम्ही पाव भाग कापलात तर बाराचे सोळा दिवस होतील. वाचतील ते दिवसाला १६० मिलिलिटर.

हा मुद्दा सगळ्यांत उशिरा पटतो, म्हणून इथे थोडे थांबू. डेव्हलपर दोन वेगवेगळ्या कारणांनी थकतो. एक कारण म्हणजे फिल्म. सिल्व्हर ब्रोमाइडमधून चांदी सुटी होते आणि ब्रोमाइड द्रावणात उतरते. आम्लही तयार होते, त्यामुळे पीएच खाली येतो आणि साठलेला ब्रोमाइड डेव्हलपरला आवर घालतो. म्हणूनच भरपाईच्या रसायनात ब्रोमाइड घालत नाहीत. नवी टाकी भरताना मात्र स्टार्टर घालून ब्रोमाइड आणि आम्ल मुद्दाम आणावे लागतात, नाहीतर कोरा डेव्हलपर अंगात आल्यासारखा वागतो आणि फिल्मवर धुके चढते. दुसरे कारण हवा. ती सल्फाइट आणि हायड्रोक्विनोन खाऊन टाकते. पहिली झीज फिल्मच्या क्षेत्रफळाने मोजता येते, दुसरी तासांनी. पंप फक्त पहिली मोजतो. भरपूर काम असलेल्या विभागात दुसरी झीज नगण्य ठरते, त्यामुळे पंपाचा आकडा पुरतो. कमी कामाच्या ठिकाणी तोच आकडा खोटा पडतो. अशा ठिकाणांसाठी फिल्मची वाट न पाहता ठरावीक वेळाने, स्टार्टर मिसळलेले रसायन सोडत राहण्याची पद्धत निघाली ती याच कारणाने. तेव्हा पाण्याची बचत करताना फिल्म नसलेला वेळ छाटायचा आणि डेव्हलपरच्या बाबतीत मात्र तोच रिकामा वेळ भरून काढायचा, असे हे दोन विरुद्ध हिशेब आहेत. एकाच आदेशात दोन्ही ‘कमी करा’ असे लिहिले की एक बरोबर ठरतो आणि दुसरा घात करतो. रसायनात काटकसर हवीच असेल तर ती पंपाबाहेर आहे: साठ्याच्या टाकीवर तरंगते झाकण ठेवावे आणि दोन आठवड्यांत संपेल एवढेच द्रावण एका वेळी कालवावे. हवेने खाल्लेला डेव्हलपर फेकणे थांबले की बिल आपोआप उतरते.

व्यवस्थापक : समजा थोडा थकलाच डेव्हलपर आणि फिल्म जरा फिकी आली. तुम्ही एमएएस वाढवता, फिल्म पुन्हा काळी येते. कोणाचं काय गेलं?

तंत्रज्ञ : पेशंटचं गेलं, मॅडम. एमएएस वाढवला म्हणजे त्याच्या अंगातून तेवढी जास्त किरणं गेली. आपण वाचवलेल्या डेव्हलपरची किंमत त्यानं भरली, आणि ती कोणत्याच बिलात दिसत नाही.

या संवादातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे वाक्य हेच. डार्करूममधली काटकसर एक्स-रेच्या खोलीत जाऊन वसूल होते, आणि ज्याच्याकडून होते त्याला ती कळतही नाही. हे वाईट हेतूने घडते असे नाही. डेव्हलपर हळूहळू थकतो, तंत्रज्ञाचा हात हळूहळू बटणावर वर सरकतो आणि काही महिन्यांनी जो डोस ‘नेहमीचा’ म्हणून दिला जातो तो मुळात नेहमीचा नसतो. हात वर सरकला नाही तर फिकी फिल्म परत काढावी लागते, म्हणजे डोस सरळ दुप्पट. गरजेपेक्षा जास्त किरण नको, हे किरण-सुरक्षेचे मूलभूत सूत्र आहे. ते फक्त यंत्राच्या ट्यूबला लागू आहे आणि डेव्हलपरच्या टाकीला नाही, असे मानायला जागा नाही. कमी भरपाईचे आणखीही एक सोंग असते. डेव्हलपरमध्ये जिलेटिन घट्ट ठेवणारे ग्लुटाराल्डिहाइड असते. ते घटले की जिलेटिन फुगते, जास्त पाणी धरते आणि फिल्म चिकट, ओलसर बाहेर येते. मग ड्रायरला दोष देऊन त्याचे तापमान चढवले जाते. रसायनाचे वाचलेले पैसे विजेच्या बिलात जातात आणि खरे कारण टाकीत तसेच राहते.

व्यवस्थापक : तुमचं सगळं मान्य केलं, तरी तुमचा आजचा आकडा बरोबर आहे हे कशावरून? कमी करू नका म्हणता, पण मोजलंय कुणी?

तंत्रज्ञ : नाही, मोजलेलं नाही. पंप दर फिल्मला खरोखर ६५ सोडतो की ५० की ८०, हे नळी काढून मोजपात्रात धरल्याशिवाय कळत नाही. गाळणी तुंबली, नळीत हवा अडकली तरी वरचा आकडा तोच दिसतो. शिवाय साध्या यंत्रात तोंडाशी असलेला स्विच फिल्मची फक्त लांबी मोजतो, रुंदी नाही. ३५ बाय ४३ ची फिल्म आडवी घातली तर ३५ सेंटिमीटरची भरपाई होते, उभी घातली तर ४३ ची. सकाळपाळीचा मुलगा आडवी घालतो, दुपारपाळीचा उभी.

४३ भागिले ३५ केले की सुमारे २३ टक्के फरक येतो. म्हणजे ज्या पाव भागाच्या कपातीवरून एवढा वाद चालला आहे, जवळजवळ तेवढीच तफावत फक्त फिल्म घालण्याच्या सवयीने रोज होते आहे आणि तिची नोंद कुठेही नाही. इथे मी व्यवस्थापकांच्या बाजूला उभा राहतो. दर्जाच्या नावाखाली न मोजलेला आकडा जपणे हाही एक प्रकारचा निष्काळजीपणाच आहे. मोजण्याची रीत जुनी आणि पक्की आहे. सेन्सिटोमीटरने २१ पायऱ्यांची पट्टी फिल्मवर छापायची, रोज सकाळी कामाआधी ती यंत्रातून काढायची आणि डेन्सिटोमीटरने तीन गोष्टी वाचायच्या: धुके, मधल्या पायरीचा काळेपणा आणि दोन पायऱ्यांच्या काळेपणातले अंतर. अमेरिकेत १९९२ च्या मॅमोग्राफी कायद्यानंतर ही रोजची नोंद सक्तीची झाली. मधला काळेपणा आणि अंतर ठरलेल्या मूल्यापासून ०.१५ च्या आत राहिले पाहिजेत, धुके ०.०३ पेक्षा जास्त चढता कामा नये. हे आकडे स्तनाच्या फिल्मसाठी आहेत, साध्या हाडाच्या फिल्मला थोडी सूट देता येईल. पण पट्टीशिवाय भरपाई बदलणे म्हणजे अंधारात हात घालणे.

व्यवस्थापक : ही दोन उपकरणं घ्यायला पैसे कुठून आणू? वाचवायला निघालो आणि खर्च वाढला.

तंत्रज्ञ : एकट्यानं घ्यायची गरज नाही. तालुक्यातल्या चार-पाच विभागांनी मिळून एक संच घ्यावा. तोवर ॲल्युमिनियमची पायऱ्यांची पट्टी दर आठवड्याला किरणांच्या त्याच केव्हीपी-एमएएस सेटिंगवर काढून पहिल्या दिवसाच्या फिल्मशेजारी लावून बघू. त्यात ट्यूबचा दोषही मिसळतो, हे मात्र ध्यानात ठेवायचं. आणि पट्टी काळी किंवा फिकी आली की पंपाला हात लावण्याआधी डिजिटल थर्मामीटरनं डेव्हलपर मोजायचा. पाऱ्याचा नको, फुटला तर टाकी गेलीच.

तापमान आधी का, हे आपल्या मुलखात विशेष महत्त्वाचे आहे. बहुतेक यंत्रांत हीटर डेव्हलपर तापवू शकतो, थंड मात्र करू शकत नाही. थंड करण्याचे काम वाहत्या पाण्यावर सोपवलेले असते. ते पाणी डेव्हलपरपेक्षा थंड असेल हे त्यात गृहीत धरले आहे. मे महिन्याच्या दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी ३५ अंशांच्या वर गेलेले असते. अशा वेळी ‘यंत्र तापलंय, पाणी वाढवा’ म्हणणारा माणूस पाणीही घालवतो आणि डेव्हलपरही तापवतो. दुपारी पट्टी काळी आली म्हणून भरपाई कमी केली, तर सकाळच्या अपघाताची फिल्म फिकी येणार. यावर पंप किंवा तोटी हा उपाय नाही. पाणी जमिनीखालच्या हौदातून घ्यावे किंवा टाकीवर सावली करावी. ठरवून करायच्या तपासण्या सकाळी उरकाव्यात. पट्टी आणि तापमान दोन्ही बघून भरपाई बदलायचीच ठरली, तरी एका वेळी एकच गोष्ट, दहाएक टक्क्यांनी बदलावी आणि टाकीभर नवे रसायन आत येईपर्यंत थांबावे. दुसऱ्या दिवशीची पट्टी काहीच सांगत नाही. दहा फिल्मच्या विभागात हे थांबणे बारा दिवसांचे असते, आणि नेमका इथेच धीर सुटतो.

व्यवस्थापक : आणखी एक. फिल्म आपण ठेवतच नाही, पेशंट घरी नेतो. आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षं ठेवायचा नियम आहे. मग वीस वर्षं टिकेल इतकी ती धुवायची कशाला?

तंत्रज्ञ : पेशंट घरी नेतो म्हणूनच, मॅडम. तो ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फळीवर ठेवतो. क्षयाचा जुना डाग आहे की नवा, हे बघायला पाच वर्षांनी डॉक्टर तीच फिल्म मागतात. आत राहिलेला हायपो चांदीला पिवळी-तपकिरी करत जातो, उष्णतेनं आणि दमटपणानं आणखी लवकर. आपल्याकडे दुसरी प्रत नाही.

धुणे पुरे झाले का, हेही अंदाजाने ठरवायला नको. सिल्व्हर नायट्रेट आणि ॲसेटिक ॲसिडच्या द्रावणाचा एक थेंब फिल्मवर टाकून दोन मिनिटांनी उमटलेला डाग नमुन्याच्या पट्टीशी ताडून बघायचा. मॅमोग्राफीच्या नियमात चौरस सेंटिमीटरला ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त हायपो उरता कामा नये आणि ही तपासणी दर तिमाहीला व्हावी, असे आहे. थेंब स्वस्त आहे. व्हॉल्व्ह बसवल्यावर तो डाग फिकाच राहिला, तर पाणी मिटवण्याची वेळ आणखी अलीकडे ओढता येईल. गडद झाला तर ती पुढे ढकलावी लागेल. हौसेने सुचवला जाणारा एक उपाय मात्र मला मान्य नाही: धुण्याचे पाणी बागेला सोडणे. त्यात हायपो आणि थोडी चांदी असते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत एक्स-रे फिल्मचे चांदीयुक्त द्रावण पिवळ्या वर्गातल्या रासायनिक द्रव कचऱ्यात येते. आधी त्यातून घेण्याजोगे ते काढून घ्यावे आणि मगच प्रक्रिया करून सांडपाण्यात सोडावे, असे नियम सांगतो. फिक्सर विजेच्या साहाय्याने चांदी काढणाऱ्या यंत्राला दिला की थोडे पैसेही येतात. फिक्सरची भरपाई गरजेपेक्षा जास्त ठेवली तर जास्तीचा फिक्सर याच वाटेने जातो, हे व्यवस्थापकांच्या मुद्द्याला बळ देणारे आहे.

व्यवस्थापक : एवढं सगळं करण्यापेक्षा डिजिटल घेऊन टाकू.

तंत्रज्ञ : उद्या घ्या, मला आनंदच आहे. पाणी आणि हायपो दोन्ही सुटतील. पण निधी मंजूर होईपर्यंत पेशंट थांबणार नाहीत.

याला उत्तर देण्यासारखे काही नाही, ते खरेच आहे. वेल्डचे जोड फिल्मवर तपासणाऱ्या कारखान्यांत तर हे यंत्र आणि हा हिशेब अजून बराच काळ राहील.

व्यवस्थापक : शेवटचं विचारते. टँकर आला नाही आणि हौदात हातभर पाणी उरलं, तर त्या दिवशी काय कापायचं?

तंत्रज्ञ : धुणं कापायचं, डेव्हलपर नाही. नीट न धुतलेली फिल्म नंतर पुन्हा धुता येते; फिकी डेव्हलप झालेली फिल्म नंतर दुरुस्त होत नाही, पेशंटला परत टेबलावर घ्यावं लागतं. ज्या तपासण्या थांबू शकतात त्या थांबवू. अपघाताची फिल्म काढू, डॉक्टरांना दाखवू, पण पेशंटच्या हाती देणार नाही. पाकिटावर ‘धुणे बाकी’ असा शिक्का मारून नाव आणि तारखेसह ठेवू. पाणी आलं की आधी ती पाकिटं.

व्यवस्थापक : आणि पेशंट फिल्म मागायला आला तर?

तंत्रज्ञ : तर त्याला कारण सांगायचं आणि फिल्म घ्यायला यायची तारीख लिहून द्यायची. ती तारीख पाळण्याची जबाबदारी माझी, आणि त्या दिवशी पाणी मिळवून देण्याची तुमची.